कोकणच्या पावसात सेंद्रिय खत: एका परसबागेचा अनुभव

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या घरामागे सुमारे 5 गुंठ्यांचे परडे आहे. त्यात काही माड, चार पोफळी, केळीचे एक बेट, एक लिंबाचे झाड आणि उरलेल्या जागेत भाजीचे वाफे अशी लागवड आहे. नोकरीतून निवृत्त होऊन मुंबईहून येथे कायमची राहायला आल्यावर ही सगळी बाग केवळ सेंद्रिय खतांवर करायची, असे मी ठरवले. त्यामागे तत्त्वज्ञान फारसे नव्हते. घरातच खायची भाजी, हाकेच्या अंतरावर शेजाऱ्यांचा गोठा, परड्यात जागोजागी पडणारा पातेरा (गळलेली सुकी पाने) आणि झावळ्या, हे सगळे असताना खताचे पोते विकत कशाला आणायचे, एवढाच व्यवहारी विचार होता.

वाफे आखण्यापूर्वी मी मातीचा नमुना तपासून घेतला. परड्यात पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेऊन, त्यांच्या बाजूंची माती खरवडून, एकत्र करून, तिचे चार भाग पाडत आणि समोरासमोरचे दोन टाकून देत शेवटी अर्धा किलो माती पिशवीत भरली. अहवालात सामू (आम्लता दाखवणारा पीएच) 5.3, सेंद्रिय कर्ब (कार्बन) मध्यम आणि उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) अगदी कमी असे आले. आमच्या भागात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या पाण्याबरोबर मातीतले चुनखडीचे आणि पालाशाचे (पोटॅशियमचे) अंश वाहून जातात, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतात. त्यामुळेच जांभ्याची माती तांबडी आणि आम्लधर्मी असते. या मातीत स्फुरद घातला तरी लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात आणि तो मुळांच्या वाट्याला फारच थोडा येतो. खत किती घालायचे यापेक्षा ते कोणत्या महिन्यात, कशाच्या आडोशाला आणि किती हप्त्यांत घालायचे, हाच प्रश्न येथे मोठा आहे, हे त्या अहवालावरूनच पुरेसे दिसत होते. पुढच्या काही पावसाळ्यांत तर त्याची खात्रीच पटली.

सुरुवात शेणखतापासून झाली. शेजारच्या आबांच्या गोठ्यामागे मोठी गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, आहे. तिच्या तळातले, काळे पडलेले, वास गेलेले आणि हातात चुरले जाणारे खत त्यांनी घमेल्यांनी मोजून दिले. शेणखताबद्दल आपल्याकडे इतका आदर आहे, की त्यात नेमके काय असते हे सहसा कोणी विचारत नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) सुमारे अर्धा टक्का, स्फुरद पाव टक्क्याच्या आसपास आणि पालाश अर्धा टक्का असते. घमेल्यात साधारण 10 किलो खत मावते असे धरले, तर एका घमेल्यातून 50 ग्रॅम नत्र मिळते. भुईमुगाच्या पेंडीत नत्र 7 टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे एक किलो पेंडीतूनच 70 ग्रॅम मिळते. म्हणून शेणखत कमी प्रतीचे ठरत नाही. माती भुसभुशीत ठेवणे, पाणी धरून ठेवणे, जिवाणूंना आसरा देणे ही कामे पेंड त्याच्याइतकी करू शकत नाही. परंतु केवळ शेणखतावर वांगी आणि मिरची भरघोस येतील अशी अपेक्षा धरायची असेल, तर ते वाफ्यावर बोटभर जाडीच्या थराने, तेही दर हंगामात, घालावे लागते आणि तेवढे खत एका गोठ्यातून मिळत नाही.

घरचे कंपोस्ट करण्यासाठी मी नाडेप पद्धतीचे टाके बांधून घेतले. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिचे नाव पडले. जमिनीवर विटांचे, साधारण तीन फूट उंचीचे टाके बांधायचे, भिंतींत हवेसाठी झरोके ठेवायचे, त्यात पालापाचोळा, शेणकाल्याचे पाणी आणि चाळलेली माती यांचे थर द्यायचे आणि वरून शेणामातीने लिंपून तीन-चार महिने मुरू द्यायचे, अशी तिची रचना आहे. थोड्या शेणात पुष्कळ खत होते, हा तिचा मोठा गुण. आमच्याकडे विटांऐवजी चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) स्वस्त, म्हणून गवंड्याने चिऱ्यांचेच टाके उभे केले आणि प्रत्येक थरात दोन चिऱ्यांमध्ये चार बोटांची फट सोडली. विदर्भातल्या कोरड्या हवेत या टाक्यावर पाणी शिंपडत राहावे लागते. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. येथे टाक्यात पाणी जाऊ नये म्हणून छप्पर घालावे लागते. पूर्वी लोक विणलेल्या झावळ्यांचे छप्पर करीत. मी त्याच्याखाली प्लास्टिकचा जाड कागद घातला आणि टाक्याभोवती पाणी निघून जाईल असा चर खणून घेतला.

तरीही पहिल्या आषाढात टाक्यातला माल आंबला. छपरातून पाणी आले नव्हते, पण हवेतला ओलावाच इतका असतो आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा स्वतःच इतके पाणी सोडतो, की मधल्या थरांतली हवा संपली आणि सांडपाण्यासारखा वास सुटला. त्यावरचा उपाय साधा निघाला. सगळा माल फावड्याने बाहेर काढला, सुका पातेरा आणि नारळाच्या सोडणांचे (वरच्या जाड सालींचे) तोडलेले तुकडे मिसळून सैल केला आणि पुन्हा भरला. चार-पाच दिवसांत वास गेला आणि टाके आतून तापू लागले. लोखंडी सळई मधोमध खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढली, की ती हातात धरवत नाही इतकी गरम लागते. टाके नीट चालले आहे की नाही, हे मी अजूनही असेच पाहते. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 30 ला 1 असावे, असे शास्त्र सांगते. माझ्या हिशोबात त्याचा अर्थ एवढाच, की एक टोपली ओल्या कचऱ्याला तीन टोपल्या सुका पातेरा.

हा सुका पातेरा पावसाळ्यात मिळत नाही, हीच खरी अडचण आहे. तो माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत झाडून, पोत्यांत भरून, पडवीत रचून ठेवावा लागतो. आंब्याची आणि काजूची पाने चिवट असतात, ती कुजायला फार वेळ घेतात, म्हणून पोत्यात भरण्यापूर्वी पायाने तुडवून चुरडून घेतलेली बरी. येथे एक सामाजिक अडचणही आहे. याच दिवसांत भातशेतीवाल्यांना भाजावळीसाठी, म्हणजे रोपांची जागा पाला जाळून भाजण्यासाठी, पातेरा हवा असतो, आणि शहरातून आलेल्या बाईने वाटेवरचा पातेरा गोळा करायला सुरुवात केली तर ती गोष्ट कोणाला आवडत नाही. म्हणून मी केवळ आपल्या हद्दीतलाच पातेरा घेते. कमी पडतो तो गिरिपुष्पाच्या कुंपणातून भरून काढते. गिरिपुष्पाचा पाला नत्राने समृद्ध असतो आणि आमच्या हवेत दोन-तीन आठवड्यांत त्याचे नामोनिशाण उरत नाही. तो ओला असताना टाक्यात घातला तर मात्र त्याला ओल्या कचऱ्यातच मोजावे लागते.

टाक्यात अळ्या दिसू लागल्या तेव्हा घरात थोडी घबराट झाली. सूनबाईंनी तर तिकडे जाणेच सोडले. तेथे दोन प्रकारच्या अळ्या असतात आणि त्या वेगळ्या ओळखणे फार महत्त्वाचे आहे. ओल्या कचऱ्याच्या वरच्या थरात वळवळणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, राखाडी-तपकिरी रंगाच्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात, पिकाला काही करीत नाहीत आणि मोठ्या झाल्या की आपोआप टाके सोडून निघून जातात. दुसऱ्या अळ्या खालच्या, कुजलेल्या, उबदार थरात सापडतात. त्या करंगळीपेक्षा जाड, पांढऱ्या, डोके तपकिरी आणि अंग अर्धचंद्रासारखे वळलेले. फावड्याच्या टोकाला लागल्या की तशाच वळून निपचित पडून राहतात. या गेंड्या भुंग्याच्या अळ्या. भुंगा खताच्या खड्ड्यात अंडी घालतो, अळ्या तेथेच वाढतात आणि पंख फुटलेला भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून न उलगडलेला कोवळा कोंब पोखरतो. मग ती झावळी उलगडते तेव्हा कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसते. जून माड हे सोसतो, पण लहान रोपाचा कोंबच गेला तर रोप मरते.

म्हणजे ज्या परड्यात माड आहेत तेथे खताचा ढीग दुर्लक्षित पडू देणे म्हणजे माडांच्या शत्रूची सोय करणे होय. आबांच्या गायरीतही या अळ्या भरपूर होत्या. त्यांच्याकडे गायरी उपसताना कोंबड्या सोडतात, त्या एकही अळी शिल्लक ठेवत नाहीत. मी टाके दर महिन्याला खालपासून वर उलथते, सापडतील तेवढ्या अळ्या वेचून मारते आणि मेटारायझियम नावाच्या बुरशीची पूड पाण्यात कालवून खतावर शिंपडते. ही बुरशी अळीच्या अंगावर वाढते, अळी कडक होऊन मरते आणि तिच्यावर हिरवट थर येतो. असा हिरवा पडलेला पहिला नमुना सापडला, तेव्हा तो मी कागदावर ठेवून सगळ्या शेजाऱ्यांना दाखवला होता. उन्हात ही बुरशी टिकत नाही, म्हणून ती संध्याकाळी आणि ओल्या खतातच घालावी लागते.

खत तयार झाल्यावर ते केव्हा घालायचे, याविषयी आबांचा अनुभव माझ्या फार उपयोगी पडला. माडांच्या बुंध्याशी मी खताची पाटी घेऊन उभी असताना ते कुंपणापलीकडून म्हणाले होते, “वैनी, बुंध्याला चिकटवून नका घालू. खाणारी मुळं तिथं नसतात.” माडाची अन्न घेणारी मुळे बहुतेक बुंध्यापासून दीड-दोन मीटरच्या घेरात पसरलेली असतात, म्हणून आळे तेवढे रुंद करून खत त्यात सगळीकडे पसरायचे असते. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला 50 किलो, म्हणजे पाच घमेली शेणखत द्यावे, ही शिफारस येथे सर्वांना ठाऊक आहे. सगळे खत मृगाच्या आधी एकदम घालण्याची पद्धतही सर्वत्र दिसते. मी त्याचे तीन भाग केले. थोडे पाऊस स्थिरावल्यावर, मोठा भाग पाऊस ओसरताना, हस्त नक्षत्राच्या सुमारास, आणि उरलेले माघात, आळ्यात पाणी सुरू असताना. आषाढातल्या धो धो पावसात आळ्यातले पाणी तुंबून वाहते आणि वरचे हलके खत त्याबरोबर सरळ व्हाळात (ओढ्यात) जाते. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे जूनमध्ये मोठा हप्ता देण्याला माझे मन तयार होत नाही.

आळे उघडे ठेवायचे नाही, हा दुसरा नियम. उष्ण आणि दमट हवेत सेंद्रिय पदार्थ इतक्या वेगाने कुजतो, की उघड्या मातीवर घातलेले खत दोन-तीन महिन्यांत जणू विरघळून जाते. वर झावळ्यांचे तुकडे आणि पातेरा पसरला की पावसाचा मार थेट बसत नाही आणि उन्हाळ्यात माती तापत नाही. नारळाची सोडणे मी आळ्याच्या कडेने चरात, पोकळ बाजू वर करून, पुरते. ती पाणी धरून ठेवतात आणि कुजताना पालाशही देतात. भाजीच्या वाफ्यांवर मात्र पावसाळ्यात जाड आच्छादन घातले तर गोगलगायी होतात, त्यामुळे तेथे बोटभरच थर ठेवते आणि पाऊस गेल्यावर वाढवते.

पेंडींचा वापर मी फक्त भाज्यांसाठी करते. पावसाळी पडवळ, दोडकी आणि काकडी मांडवावर चढू लागली, की दर पंधरा-वीस दिवसांनी वेलामागे मूठभर भुईमुगाची पेंड मातीत मिसळून वर कंपोस्ट घालते. पेंड उघडी राहिली तर मुंग्या आणि उंदीर ती खाऊन टाकतात. पेंड पाण्यात भिजवून, आंबवून, दहापट पाणी घालून दिली तर लवकर लागू पडते, पण त्या वासाला घरातल्या माणसांची परवानगी लागते. निंबोळी पेंडीची खरी किंमत मला भेंडीत कळली. एका वाफ्यातली भेंडी दुपारी माना टाकत होती, झाडे उपटून पाहिली तर मुळांवर लहानमोठ्या गाठी होत्या. त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींच्या, होत्या. पुढच्या हंगामात त्या वाफ्यात पेरणीच्या पंधरा दिवस आधी निंबोळी पेंड मिसळली आणि भेंडीऐवजी झेंडू लावला, त्यानंतर भेंडी घेतली तेव्हा गाठी फारच तुरळक होत्या. यातले श्रेय पेंडीचे किती आणि झेंडूचे किती, हे सांगणे अवघड आहे.

मासळीचे खत आमच्या किनाऱ्यावर सहज मिळते आणि त्यात नत्र व स्फुरद दोन्ही भरपूर असतात. परंतु ते पुरले की रात्री कुत्री वाफा उकरतात. आता मासळीची डोकी आणि काटे मी टाक्याच्या अगदी मधल्या थरात, भरपूर पातेऱ्याखाली घालते.

गांडूळखतासाठी पडवीच्या उत्तरेला सावलीत एक लांबट वाफा आहे. त्यात तळाला सोडणे, त्यावर अर्धवट कुजलेले शेण आणि पाला असे थर आहेत. ताजे शेण तापते आणि गांडुळे मरतात, त्यामुळे शेण आधी पंधरा दिवस पसरून थंड करावे लागते. वाफ्यात आफ्रिकन जातीची गांडुळे सोडली, कारण ती आमच्या उष्ण हवेत चांगली वाढतात. वैशाखात दिवसातून दोनदा ओले गोणपाट घालावे लागते. लाल मुंग्या हा कायमचा उपद्रव आहे. त्यासाठी वाफ्याभोवती पाण्याची अरुंद नाली ठेवली आहे आणि ती कोरडी पडली, की दुसऱ्याच दिवशी मुंग्यांची रांग लागते. तयार झालेले खत चहाच्या भुकटीसारखे दाणेदार असते. ते मी रोपांच्या पिशव्यांत आणि मिरचीला घालते, कारण सगळ्या परड्याला पुरेल इतके ते होतच नाही.

बाजारातून एकदा गांडूळखताची पोती आणली होती. पाण्यात घातल्यावर तळाशी वाळू आणि तांबडी माती बसली. दुकानदाराने हात झटकले. तेव्हापासून खत घेण्यापूर्वी मूठभर खत ग्लासभर पाण्यात ढवळून पाहते आणि निंबोळी पेंड असेल तर जिभेवर कण ठेवते. ती कडू लागली नाही, तर पुढे बोलायचे कारण उरत नाही.

जीवामृताचा प्रयोगही केला. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या प्रमाणाने 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती असे असते. मी त्याच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे 20 लिटर पाण्यात ते केले. त्यातून प्रत्यक्ष मिळणारे नत्र फार थोडे असते, हे साधा हिशोब केला तरी कळते. आच्छादनावर ते शिंपडले तर पातेरा लवकर कुजतो असे मला वाटते, म्हणून पाऊस नसलेल्या महिन्यांत करते. ते खताला पर्याय आहे असे मात्र मी मानत नाही.

मातीचा आम्लपणा कमी करण्यासाठी बंबाची राख मला सर्वांत सोयीची वाटली. आमच्याकडे आंघोळीचे पाणी अजून लाकडावर तापते, त्यामुळे राख रोज निघते. लाकडाच्या राखेत चुन्याचे आणि पालाशाचे अंश असतात. ती चाळून, कोरडी डब्यात साठवून, पाऊस संपल्यावर वाफ्यांत पातळ भुरभुरते. ती शेणखतात मिसळून ठेवत नाही, कारण राखेमुळे शेणातले नत्र अमोनिया होऊन उडून जाते. लसणासारखा किंवा पालकासारखा माल घ्यायचा असेल, तर वाफ्यात आधी राख पडलीच पाहिजे. अळू आणि अननस यांना तिची गरज नसते.

गेल्या मार्गशीर्षात माती पुन्हा तपासून घेतली. भाजीच्या वाफ्यांचा सामू 5.9 झाला होता, सेंद्रिय कर्ब वाढला होता आणि स्फुरद मात्र अजूनही कमीच होता. आम्ल जमिनीत स्फुरदासाठी हाडांचे खत चांगले लागू पडते. म्हणून यंदा ते सुटे न घालता टाके भरतानाच कंपोस्टच्या थरांत मिसळले आहे, जेणेकरून ते कुजणाऱ्या पदार्थाबरोबर मुरेल आणि मातीतल्या लोहाच्या तावडीत सरळ सापडणार नाही. या टाक्यातले खत हस्तात निघेल. त्यातले अर्धे वांगी आणि मिरचीच्या वाफ्यांना जाईल, उरलेले माडांच्या आळ्यांत, आणि शेजारचा एक वाफा तुलनेसाठी हाडांच्या खताशिवाय ठेवणार आहे.